डब्यातला समुद्र

माझ्या आईचा समुद्रावरचा एकुलता एक फोटो आमच्याकडे आहे. त्यात आई नाही. समुद्रही नाही.

बहात्तरचं दुष्काळाचं साल. श्रीरामपूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो (मुलं शिकत होती असं मी म्हटलेलं नाही). साठी आली तरी आईनं समुद्र पाहिला नव्हता. मी तिला अलिबागला नेणार हे कळताच तिची धाकटी जाऊ, म्हणजे आमची घोडेगावची काकू, म्हणाली, "अक्का, आल्यावर तुमी काय बी सांगशाल! पर फोटू दावल्याबिगर मी मान्नार न्हाई." आईला ते फारच झोंबलं.

किनाऱ्यावर चांगला फोटोवाला होता. आई त्याच्याकडे निघाली, तर मीच आडवा आलो. "अगं, मी घरी कॅमेरा केलाय!" आणि पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. एका बाजूला सुईनं पाडलेलं भोक, आत फोटोचा कागद. भिंग नाही, काही नाही!

"ह्यात खाऊ हाय व्हय?" आई म्हणाली.

"कॅमेरा आहे! फक्त वीस मिनिटं हलायचं नाही. हललेलं माणूस कागदावर उमटत नाही."

"ईस मिंटं? मी काय म्हसोबा हाय?"

ऊन उतरलेलं, त्याला मी काय करणार? डबा खडकावर ठेवून भोकावरची चिकटपट्टी काढली. कसं बसायचं ते दाखवायला मीही तिच्या शेजारी वाळूत बसलो. तेवढ्यात पहिली लाट पायाला लागली आणि आई "अगं बया, केवढं हे पानी!" म्हणत, लुगडं सावरत थेट समुद्रात! दुष्काळातून आलेल्या बाईला कोणत्या शास्त्रानं अडवायचं? मी मात्र तसूभर हललो नाही. दिवसभर एसटीत उभ्यानं आलो होतो. मला गाढ झोप लागली होती.

आईनं उठवल्यावर भोकावर पट्टी लावली, घरी फोटो छापला आणि आईसकट घोडेगावला नेला. काकूनं तो दोनदा उलटा केला, एकदा सुलटा.

"ह्यो तर आमचा पाझर तलाव! पार आटलेला!"

माझं टाळकं सरकलं. "काकू, हा अरबी समुद्र आहे! वीस मिनिटांच्या सगळ्या लाटा एकात एक मिसळून सपाट झाल्यात. हे काळाचं चित्र आहे, काळाचं!"

"आसंल. मंग तुझी आई कुटं हाय?"

"ती हलली!"

"आन् तळ्यात तोंड वासून झोपलाय त्यो कोन?"

त्या अख्ख्या फोटोत एवढंच काय ते स्वच्छ उमटलं होतं. सदऱ्याची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत! मी आशेनं आईकडे पाहिलं. तिनं फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि जावेला ठासून सांगितलं, "समुद्रच हाय त्यो. मी आत पान्यात हुते. आन् ह्यो माझा ल्योक. मी बुडू नये म्हनून राखनीला बसलाय!"