पिवळी पिल्लं

आज सकाळी वहिनींच्या खुराड्यात डोकावलो आणि तिथेच उकिडवा बसलो. टर्कीच्या मादीच्या पंखाखालून तपकिरी, पट्टेवाली पिल्लं बाहेर येत होती आणि त्यांच्यात दोन चक्क पिवळी होती. टर्कीचं पिवळं पिल्लू मोठेपणी पांढरंशुभ्र होतं.

वहिनींचा एकुलता पांढरा नर कुत्र्यांनी मारला, तेव्हा त्याची सगळी पिल्लं आयांसारखी काळपट, तांबूस झाकेची होती. "पांढरा रंग गेला आता," दादा म्हणाला होता.

"गेला नाही, दबलाय," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक पिल्लात एक वाटा आईचा, एक बापाचा. यांच्यात आईचा गडद तेवढा वर दिसतो. दोघांकडूनही पांढरा वाटा आला, की पिल्लू पांढरं." त्यांनी त्याच पिल्लांमधून एक नर आणि दुसऱ्या आईची एक मादी निवडून जोडी लावली. पहिल्या खेपेला सगळी तपकिरीच निघाली. दादा हसला. वहिनींनी पुन्हा अंडी उबवायला ठेवली.

माझे आणि बायकोचे डोळे काळेभोर, पण लेक घाऱ्या डोळ्यांची. दोन्हीकडच्या कुणा पणज्यांकडून ते डोळे मुकाट्याने आमच्यातून चालत आले असतील आणि आम्हाला पत्ताही नव्हता. दिसत नाही ते नाहीच, असं आपण किती सहज ठरवून टाकतो!

वहिनींनी एक पिल्लू ओंजळीत उचललं. एरवी हळू बोलणारी ही बाई कुंपणापाशी धावली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, या सगळे! माझे पांढरे आले!"