खराट्याचा आवाज

अकोल्याच्या जठारपेठेतून मी निघाले, तेव्हा ऑटो कोपऱ्यावर पोहोचलाही नव्हता, तोच मागून खराट्याचा आवाज आला. आईला तर मी फाटकाशी सोडून आले होते, म्हणजे झाडणारे बाबाच. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला की लगेच झाडत नाहीत. तसं फक्त प्रेत उचलल्यावर करतात. पुण्याच्या नोकरीवरून आदल्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं होतं. "जायाचं असन तं जाय," एवढंच ते म्हणाले आणि सकाळी खोलीतून बाहेरही आले नाहीत. मीही त्यांचीच लेक. वळून पाहिलं नाही.

पुण्यात फ्लॅट झाला, लग्न झालं, न्याहारीला ओट्स आले. बाबांशी फोनवर दोनच वाक्यं: तब्येत बरी ना, आईला द्या. पुढे झोप उडाली, ऑफिसात कारण नसताना रडू येऊ लागलं, तेव्हा समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी वहीत रकाने आखायला लावले. घटना, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे. मी विचार लिहिला, 'बाबांसाठी मी मेले.' शेवटचा रकाना कोरा राहिला.

"तुम्ही आवाज ऐकलात," त्या म्हणाल्या. "अर्थ कोणी लावला?"

मला रागच आला. पुण्याच्या बाईला आमचा खराटा काय कळणार! बाबांना एकदा विचारून बघा, हा त्यांनी दिलेला गृहपाठ. दिवाळीत विचारते म्हटलं. बाबा दिवाळीआधीच गेले.

तेरावं झाल्यावर त्या दिवशीच्या झाडण्याबद्दल आईला विचारलं. ती म्हणाली,

"काच होती माय. तुह्या हातावर दही द्याले धावले अन् वाटी सुटली. माह्या पायात रुतन म्हणून लगेच झाडलं. म्हणे, पोरीले सांगू नोको, अपशकुन समजीन."

मी वही काढली आणि कोरा रकाना भरला. बाई म्हणतात, चुकीचा विचार दुरुस्त होतो; आता उरलंय ते दुःख आहे, त्यात चूक काही नाही. खरं असेल. पण गाव सोडलेल्यांनो, तुम्हीही असं काही मनात धरून बसला असाल तर आजच फोन करा. दिवाळीची वाट बघू नका.

परत निघताना आईनं स्टीलच्या वाटीतून हातावर दही दिलं. कोपऱ्यावर मी ऑटो थांबवायला सांगितला आणि या वेळी वळून पाहिलं. आई फाटकाशी होती. माझं घर म्हणजे आता तिच्यामागचं ते दार, जिथून बाबा दही घेऊन धावत आले होते आणि मी पाहिलं नव्हतं.