जोतिबाचं झुडूप

“पाणी सोडताय म्हणूनच मीठ वर येतंय, अहो. आणखी सोडलंत तर आणखी येईल,” पद्मिनी म्हणाली आणि तिनं तव्यावरची चपाती उलटली.

“तू मला माती शिकवणार?”

“शिकवत नाही. शिरोळला आमच्या रानाचं हेच झालं. उसाला पाणी पाजून पाजून चोपण झालं, नुसतं मीठ फुटलेलं. तुम्ही बघितलंय ते डोळ्यांनी.”

“तुझ्या बापाला अक्कल नव्हती म्हणून झालं.”

“मग तुमच्या रानात कसं झालं?”

हे बोलायला नको होतं, हे तिला वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. हेमचंद्रनं तवा दांड्याला धरून उचलला आणि चपातीसकट भिंतीवर फेकला. मग उलट्या हाताचा फटका तिच्या कानावर बसला. तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि भुवईतून रक्त आलं.

सासूबाई टेबलाशी लसूण सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

“डॅड, स्टॉप इट!” चौदा वर्षांची सीमा दारातून ओरडली.

“मराठीत बोल!” त्यानं तिच्या अंगावर स्टीलचा पेला भिरकावला. पेला चौकटीला लागून बाहेर अंगणात घरंगळत गेला.

पद्मिनीनं ओट्यावरचं फडकं भुवईला दाबून धरलं. ही जखम टाक्यांची नाही, पट्टीची आहे, हे तिच्या हाताला कळलं. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात ती नर्स होती. मिरजेला शिकलेली. सत्तरच्या सुमाराला नर्स म्हणून अमेरिकेचा व्हिसा तिला मिळाला होता आणि नवरा म्हणून हेमचंद्र मागून आला होता. न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या मराठी मंडळात, कुणीतरी त्याला हसून म्हणालं होतं, “काय राव, पदर धरून आलात!” हेमचंद्रही हसला होता. घरी आल्यावर त्यानं तिचा पदर धरून तिला जिन्यावरून खाली ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं सांगितलं, पायऱ्यांवरून पडले. पुढे तेच सांगणं अंगवळणी पडलं.

मग त्याला नेवाडात तांब्याच्या खाणीवर इंजिनियरची नोकरी लागली आणि ते इकडे आले. त्र्याऐंशीत खाण बंद झाली. ओळखीचे सगळे दुसरीकडे गेले. हेमचंद्र गेला नाही. घरामागची पडीक जमीन त्यानं आधीच घेऊन ठेवली होती. तिथं तो घोडेघासाचा चारा पिकवणार होता. नुसता मोकळा, वाऱ्यानं सोलून काढलेला मुलूख. खोलगट जागी पांढरी खपली धरलेली माती आणि काटेरी, खारट पाल्याची खुरटी झुडपं. जरा चढावर सेजब्रश, करड्या-चंदेरी पानांचं, गुडघ्याएवढं, कुठं कमरेएवढं झुडूप. बाकी काही नाही.

नेवाडातल्या पहिल्याच वर्षी सासूबाई देशातून आल्या आणि अंगणात उभ्या राहून त्यांनी सेजब्रशचं एक पान चुरडून नाकाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले.

“अगं, ह्यो तर आपला दवणा!”

तो दवणा नव्हता. पण वास त्याच घराण्यातला, जरा उग्र. विहिरीजवळ एक झुडूप होतं, पद्मिनीच्या डोक्याहून उंच, पीळ पडलेल्या बुंध्याचं. सासूबाईंनी तेच जोतिबाचं ठरवलं. दर चैत्र पुनवेला त्याची एक डहाळी देव्हाऱ्यात वाहायची, गुळाचा खडा ठेवायचा, सीमाच्या कपाळाला गुलाल लावायचा. घरात जी काही शांतता असायची ती त्याच दिवशी असायची. हेमचंद्रही त्या दिवशी हात उचलत नसे.

गेल्या वसंतापासून तो रोज पिकअप ट्रकला साखळी बांधून झुडपं उपटत होता. साखळी ताणली जायची, मुळं करकरायची आणि दाढ निघावी तसं झुडूप मातीसकट बाहेर यायचं. ढीग करून तो पेटवायचा. अख्खं घर धुरानं दवण्यासारखं आणि कापरासारखं वास मारायचं. मोकळ्या केलेल्या जागेत त्यानं पंपानं पाणी सोडलं. घास पोटरीएवढा आला आणि पिवळा पडला. आता तिथं जमिनीवर मीठ सांडल्यासारखं दिसत होतं, आणि त्या मिठाचा राग रोज पद्मिनीच्या अंगावर निघत होता.

“झुडूप जेवढं उंच तेवढी माती गोड,” हेमचंद्र टॉवेलनं हात पुसत म्हणाला. “इथले जुने लोक सांगतात. विहिरीजवळचं सगळ्यात उंच आहे ना? मग खरी जमीन तिथंच आहे. तुमचा देव मी आज उपटतो. सीमा, चल साखळी धरायला.”

“आरं बाळ, देवाचं झाड हाय ते!” सासूबाई ताडकन उठल्या. लसणाची सालं जमिनीवर पसरली. “परवावर पुनव आली. हात लावू नको त्याला.”

पद्मिनी त्यांच्याकडे बघत राहिली. दहा वर्षांत सासूबाईंनी सुनेसाठी तोंड उघडलं नव्हतं. झुडपासाठी उघडलं.

“आई, आत बस,” तो म्हणाला आणि सीमाला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला.

पद्मिनी मागोमाग धावली. “तिला सोडा. मी धरते.”

“तू एक पाऊल पुढे टाक, मग बघ.”

त्यानं साखळी बुंध्याला आवळली आणि दुसरं टोक ट्रकच्या मागच्या आकड्यात अडकवलं. सीमाला झुडपाच्या पलीकडे उभं करून तो म्हणाला, “मी गाडी ओढली की मागून ढकल. सगळा जोर लाव.”

ट्रक गुरगुरला. साखळी ताठ झाली. झुडूप वाकलं, पण सुटलं नाही. त्यानं गाडी मागे घेतली आणि हिसका दिला. बुंधा फाटल्यासारखा आवाज आला, तरी मूळ सुटलं नाही. तिसऱ्या वेळी तो शिवी देत गाडी झुडपाला टेकेपर्यंत मागे आला आणि तिथून सुसाट पुढे गेला.

“सीमा, बाजूला हो!” पद्मिनी किंचाळली.

ट्रकचा आकडा पत्र्यासकट उखडला. साखळी हवेत फणकारत उलटी आली, फांद्या तोडत पलीकडे गेली आणि आकडा सीमाच्या खांद्यात बसला. पोरगी आवाज न करता मागे कोसळली. पांढऱ्या मातीवर रक्त पसरलं आणि लगेच जिरलं.

हेमचंद्र उतरला. “लक्ष कुठं होतं तिचं?” तो म्हणाला.

 पद्मिनीनं ओढणीनं सीमाचा हात छातीशी बांधला, तिला आपल्या गाडीत निजवलं आणि गाडी सुरू केली. सासूबाई खिडकीशी आल्या. “घोड्यावरनं पडली म्हन,” त्या हळूच म्हणाल्या.

हॉस्पिटलात डॉक्टर जुने, पद्मिनीला रोज भेटणारे. गळ्याखालचं हासळीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. त्यांनी सीमाला विचारलं, कसं झालं? पद्मिनीनं तोंड उघडायच्या आत सीमा म्हणाली, “आय फेल. ऑन द स्टेप्स.”

अगदी सहज म्हणाली. डोळे डॉक्टरांच्या बॅजवर, आवाज जरा हसरा, शेवटी खांदा उडवायचा प्रयत्न, तो मात्र दुखल्यामुळं अर्धाच राहिला.  तो आवाज पद्मिनीचाच होता. तेच हसणं, तीच बॅजकडे बघायची युक्ती. पोरीनं स्वयंपाक शिकावा तसं घरात बघून बघून हे शिकून घेतलं होतं.

डॉक्टरांनी सीमाकडे पाहिलं, मग पद्मिनीच्या भुवईकडे.

“नाही,” पद्मिनी इंग्रजीत म्हणाली. “ती पडली नाही. तिच्या वडिलांनी केलं. माझं पण त्यांनीच केलंय. आधीचं सगळंसुद्धा.”

डॉक्टर शेरीफला, इथल्या पोलीसप्रमुखाला, फोन करायला गेले. सीमानं आईचा हात धरला आणि मराठीत विचारलं, “आता डॅड मारेल ना?”

“नाही,” पद्मिनी म्हणाली.

संध्याकाळी ती सीमाला घेऊन परतली, तेव्हा सासूबाई विहिरीशी बसल्या होत्या. अर्धवट निघालेल्या मुळांवर त्या दोन्ही हातांनी माती ओढत होत्या. नखांत मीठ जाऊन बोटं चिरली होती. झुडूप एका अंगाला कललं होतं, पण उभं होतं. पद्मिनीनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि घरात आणलं.

हेमचंद्र टेबलाशी बसला होता. भिंतीवर तव्याचा काळा डाग तसाच होता. “चुकून झालं,” तो म्हणाला. “आकडाच कच्चा होता.”

पद्मिनीनं सीमाला खुर्चीत बसवलं, तिच्या पाठीशी उशी दिली आणि ती हेमचंद्र आणि सासूबाईंच्या समोर उभी राहिली.

“शेरीफ निघालाय. येईपर्यंत तुम्ही कपडे भरा,” ती हेमचंद्रला म्हणाली. “हे घर माझ्या नावावर आहे, मी आणि सीमा इथंच राहणार. आई, तुम्हाला राहायचं तर राहा, त्यांच्याबरोबर जायचं तर जा. ” ती पुन्हा हेमचंद्रकडे वळली. “तुम्ही मात्र इथं राहायचं नाही.”