फुगलेला हातमोजा

आमच्या सासऱ्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. जेवायला बसले तरी एक पाय हलत असतो. सासूबाई म्हणतात, "अहो, तो पाय थांबवा, मला गरगरतं." बाबा दोन घास पाय आवरतात आणि तिसऱ्याला पुन्हा सुरू. उभा जन्म बसदुरुस्तीच्या कारखान्यात गेला. छातीचं दुखणं झालं तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की आता पान्याला हात लावायचा नाही. सूट एकाच गोष्टीला होती, ती म्हणजे दारातली जुनी गाडी. तीही बाबांपेक्षा फार लहान नसेल.

या वर्षी पोर्चमध्ये पांढरी लादी बसवली आणि तेव्हापासून गाडीचं काहीतरी बिनसलं. इंजिनच्या झाकणातून तेल येऊ लागलं. बाबांनी झाकणाखालचं गॅस्केट बदललं, तर तेल मागच्या सीलमधून यायला लागलं. ते गॅरेजमधून बदलून आणावं तर तेल मोजायची पट्टी आपोआप वर उचलली जायची आणि तिच्या भोकातून तेल उडायचं. बाबांची झोप उडाली. घरभर येरझाऱ्या, तोंडात एकच, "पिस्टनच्या रिंगा गेल्या का? पण अशा एकाएकी कशा जातील?"

माझ्या नवऱ्याला असल्या प्रश्नांत रस नाही. गॅरेजवाल्याने इंजिन खोलावं लागेल म्हटल्याबरोबर त्याने सुटे भाग विकणारा एक माणूस गाठला. तो शनिवारी संध्याकाळी गाडी ओढून नेणार होता. बाबा गाडीची काच पुसत बसले. मला ते बघवेना. गाडी गेल्यावर हा माणूस दिवसभर काय करणार, हा विचार या घरात मी सोडून कुणालाच पडला नाही, असं मला वाटत होतं आणि सगळ्यांचा राग येत होता.

शनिवारी दुपारी बाबांनी शेवटचं म्हणून दाबमापक लावून इंजिनचे चारही सिलिंडर तपासले आणि स्वयंपाकघरात आले.

"सूनबाई, तुझा भांडी घासायचा हातमोजा दे."

"कशाला?"

"गाडीला घालायचाय."

मला वाटलं, आता डोक्यावर परिणाम झाला. तरी दिला. बाबांनी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं, तिथे हातमोजा रबराने घट्ट बांधला आणि मला गाडी चालू करायला लावली. बघता बघता हातमोजा फुगला. पाची बोटं ताठ करून बॉनेटखाली उभा राहिला, जणू कुणी आतून 'थांबा' म्हणत होतं.

"दाब चारही ठिकाणी चांगला आहे, म्हणजे रिंगा धडधाकट," बाबा म्हणाले. "थोडी हवा पिस्टनच्या कडेने खाली उतरतेच. ती बाहेर सोडायला खाली एक नळी असते. ती बंद असली की हवा फट शोधते आणि तेलाला ढकलत नेते. पण नळी तर मी लादी बसवायच्या आधी, दिवाणखान्याला रंग दिला तेव्हाच साफ केली होती!"

असं म्हणत, मला गाडी बंद करायला लावून ते गाडीखाली शिरलेसुद्धा. वाकवलेल्या तारेने बराच वेळ खुडबुड केली. शेवटी एक काळंकुट्ट फडकं ओढून काढलं आणि ते घेऊन बाहेर आले. एका कोपऱ्यात निळ्या चौकटी अजून दिसत होत्या. दारात सासूबाई हात पुसत उभ्या होत्या, तसल्याच निळ्या चौकटींच्या फडक्याला.

मी जीव मुठीत धरला. बाबांचा राग म्हणजे शेजारचेही खिडक्या लावून घेतात.

"तेल टपकत होतं त्या नळीतून," सासूबाई म्हणाल्या. "नव्या लादीवर."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिरला असतात लगेच खाली. असली छाती घेऊन. तिथे काही झालं असतं तर मला कळलं तरी असतं का?" त्यांचा आवाज फाटला. "बोळा मारला की थेंब थांबेल, तुम्हीही बाहेर राहाल, एवढंच मला कळलं."

बाबांनी फडकं हातात तसंच धरून ठेवलं. मी पुन्हा गाडी चालू केली. या वेळी हातमोजा फुगला नाही, मान टाकून एका बाजूला लवंडलेलाच राहिला.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. सासूबाई तरातरा गेल्या आणि गाडी न्यायला आलेल्या माणसाला म्हणाल्या, "गाडी विकायची नाही. मुलाला काय ते मी सांगते." परत आल्या त्या जुना ट्रे घेऊन. तो नळीखाली सरकवला आणि बाबांकडे न बघता म्हणाल्या, "यापुढे खाली शिरायचं तर मला हाक मारून शिरायचं."

आता बाबा गाडीखाली असले की सासूबाई पोर्चमध्ये खुर्ची टाकून निवडण-टिपण करत बसतात. बाबांचा एक पाय बाहेर असतो आणि तो हलत असतो. सासूबाईंचं लक्ष त्या पायावर. तो जरा थांबला की त्या ओरडतात, "अहो, पाय हलवा!"