फुमियोबाईंचे कान

जपानातल्या नागाओकात फुमियो कारासावा बाईंच्या कानांना तोड नव्हती. बैठका, मुलाखती, भाषणं, कसलंही रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करून द्यायचं, हाच त्यांचा तीस वर्षांचा धंदा. आणि आपली माणसं बोलतात तरी कशी! निम्मे शब्द गिळतात, उरलेले चावतात. बाई मात्र पानंच्या पानं न अडखळता उतरवत, आणि त्याचा तोरा मिरवत.

एका सकाळी त्यांची शाळेतली मैत्रीण ओदागिरी तणतणत आली. ती वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीची प्रमुख. तिथल्या सेकिने आजोबांना गेल्या आठवड्यात कुणीतरी साधा पातळ चहा दिला. पातळ असल्यामुळे तो सरळ श्वासनलिकेत गेला आणि म्हातारा मरता मरता वाचला. रात्रपाळीची बर्मी मुलगी नंदार म्हणे, "चहा घट्ट करून द्या, असं मी पाळी सोडताना सांगितलं होतं." ओदागिरी म्हणे, साफ खोटं. पाळी बदलतानाचं बोलणं तिथे रेकॉर्ड होत असे.

"शब्द न् शब्द उतरवून दे. उद्या संचालकांपुढे ठेवायचंय. खोटी ठरली की पोरगी मायदेशी."

"आणि तू खोटी ठरलीस तर?"

"मी? अगं, तिचं बोलणं कुणाच्या बापाला कळतं का!"

बाईंनी जेवायच्या आत काम उरकलं. ओदागिरीचं बोलणं झरझर उतरलं. नंदारच्या बोलण्यात तीन ठिकाणी त्यांनी 'अस्पष्ट' लिहिलं. मग चहा पिताना त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. अस्पष्ट म्हणजे नेमकं काय?

त्यांनी टेप संथ करून लावली आणि चाटच पडल्या. नंदारने एक अक्षरही गिळलं नव्हतं. मग त्यांनी ओदागिरीचं एक वाक्य तेवढं वेगळं काढून ऐकलं. नुसती घरघर! बाईंनी सात शब्द टाइप केले होते, आणि धड उमटले होते जेमतेम तीन. पुन्हा ऐकलं, तरी तीनच.

"म्हणजे हिने न बोललेलं मी ऐकलं, आणि त्या पोरीने बोललेलं ऐकलंच नाही? वा गं माझे कान!" त्या मोठ्याने म्हणाल्या. खरं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यांनी सगळं नव्याने उतरवायला घेतलं. ऐकणाऱ्याचे 'हं, हं' गाळायचे, ही धंद्याची रीत. समोरचा बोलत असताना हुंकार दिला नाही तर उद्धटपणा होतो, पण कागदावर तो कचरा कशाला? या खेपेला बाईंनी एकही हुंकार गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत जाण्याआधी ओदागिरीने फुमियोबाईंकडून कागद हातात घेतला. नंदार भिंतीशी उभी होती. कागदावर नंदारची वाक्यं होती, आणि त्यांच्यापुढे ओदागिरीचे हुंकार.

"सेकिने आजोबांना रात्री दोनदा ठसका लागला." हं.

"त्यांचा चहा पूड घालून घट्ट करूनच द्या." हं, हं.

ओदागिरीचा चेहरा उतरला. "हे मी सवयीने म्हणते गं," ती फुमियोबाईंना म्हणाली. "सगळेच म्हणतात." मग एकदम नंदारकडे वळून खेकसली, "मला कळलं नव्हतं, तर पुन्हा सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"पुन्हा सांगणारच होते, ओदागिरीबाई," नंदार म्हणाली. "पण तुम्ही हं म्हणालात."