एक नंबरचं मडकं

माझ्या साडूंइतका सरळ माणूस सबंध रायगड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. दोन असते तर जिल्ह्याचा कारभार बंद पडला असता. गावच्या जत्रेत लहान मुलांची धावण्याची शर्यत असते. एका वर्षी शिट्टी साडूंच्या हातात होती. शिट्टीआधी पाऊल उचललं म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाला बाद केलं. मुलगा पाच वर्षांचा होता आणि ते पाऊल त्याने आईकडे जायला उचललं होतं. तो भोकाड पसरून रडला, बायको आठ दिवस बोलली नाही, आणि साडू ज्याला त्याला सांगत फिरले, "तक्रार कोणाची नव्हती, पण मी बघितलं ना!" या माणसाच्या आयुष्यातले सगळे घोटाळे या 'मी बघितलं ना'मुळे झालेले आहेत.

आम्ही दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे. धाकटी माझ्या वाट्याला आली, तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या घरातली ताई, त्यांच्या. मी पेणला कचेरीत कारकून. ते निडीहून रोह्याकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा गावात राहतात. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करायची आणि उरलेल्या वेळात भातशेती, असं त्यांचं तेव्हा चाललेलं असे. कंपनीत एक बंगाली साहेब होते. त्यांची बदली झाली तेव्हा सामान बांधताना एक फुटबॉल पेटीत मावेना, आणि त्या वेळी खोलीत नेमके साडू उभे होते. आमच्या भागात फुटबॉल आला तो असा. हा मुलुख कबड्डीचा. इथे पोर चालायला लागण्याआधी मांडीवर थाप मारतं. त्यामुळे पहिल्या मोसमात प्रेक्षक "धर, धर, पाय धर!" असं ओरडायचे, आणि साडू गोलमध्ये उभे राहून खरोखरच पाय धरायचे. चेंडू बाजूने निवांत जाळ्यात जायचा आणि समोरच्या संघाचा गडी साडूंच्या मिठीत घामाघूम पडलेला असायचा. पंचाने शिट्टी वाजवली की साडू अभिमानाने विचारायचे, "आउट ना?"

तरी क्लब निघाला, आणि टिकला, कारण मैदान फुकटचं होतं. ते मैदान म्हणजे साडूंचं शेत. भाताची कापणी झाली की आमच्याकडे त्याच ओलीवर सगळे जण वाल पेरतात. डिसेंबरात आजूबाजूला हिरवंगार झालेलं असायचं आणि मधोमध साडूंचा एकट्याचा तुकडा टक्कल पडल्यासारखा. ताई नवऱ्याला कधी उलट बोलली नाही. ती बांधावर उभी राहून शेजारणींशी बोलायची, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "बघ गो, सगळ्यांच्या वालाला शेंगा लागल्या. आमच्या शेताला नुसते गोल लागतात."

गोल लागायचे हे खरं. साडू एकवीस वर्षं गोलकीपर होते आणि त्यांनी किती चेंडू अडवले हे कोणाच्या लक्षात नाही, कारण न अडवलेले फार मोठ्याने साजरे व्हायचे. पण क्लबात एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून निघाली आणि पंचक्रोशीत गाजली. ती म्हणजे 'लोकांचा खेळाडू'. मोसम संपला की वर्षभर सामने बघणाऱ्यांनी मत देऊन एक खेळाडू निवडायचा आणि त्याला स्टीलची कळशी द्यायची, वर नाव घालून. काही वर्षांत गावच्या विहिरीवर बायका सेंटर फॉरवर्ड डोक्यावर आणि लेफ्ट बॅक कमरेवर घेऊन जाताना दिसू लागल्या.

मत द्यायचं ते वालाने. प्रत्येकाने घरून एक वाल आणायचा. थंडीत शेतावर पोपटी लावून, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून झाल्या की ताई ती काळी पडलेली मडकी जपून ठेवायची. साडू त्यातली अकरा उचलून आणायचे, वर चुन्याने आकडे घालायचे, देवळाच्या सभामंडपात ओळीने मांडायचे आणि पुढे ताईचं जुनं लुगडं पडदा म्हणून बांधायचे. वाल पडल्याचा आवाज ऐकून बाहेरच्याला मडकं कळू नये म्हणून प्रत्येकाच्या तळाशी पेंढा. शिवाय नियम होते, आणि ते एका वहीत लिहिलेले होते. वाल यंदाचाच हवा. भोक पडलेला वाल बाद. बरोबरी झाली तर कळशी वयाने लहान असेल त्याची. आणि खेळाडूच्या घरच्या माणसाने त्याला मत द्यायचं नाही. हा शेवटचा नियम वाचून मी म्हटलं, "अहो, मग घरच्यांनी करायचं काय?" तर म्हणाले, "घरच्यांनी जेवायला घालायचं."

एवढ्या बंदोबस्तात एकच फट होती, ती म्हणजे खुद्द साडू. लहानपणापासून आईबरोबर सुपात वाल निवडून निवडून त्यांची नजर अशी तयार झाली होती की दाणा बघितला की शेत कळायचं. हा चपटा, म्हणजे खालच्या खाचरातला, तिथे पाणी साचतं. हा तांबूस, म्हणजे रेल्वेकडच्या शेतातला. शेत कळलं की घर कळलं, आणि घर कळलं की मत कळलं. गुप्त मतदानाचा हा कडवा पुरस्कर्ता मोजायला बसला की प्रत्येक मताचं गाव-गोत्र त्याच्यापुढे उघडं पडायचं. बिचारे डोळे मिटून मोजायचे. पण बोटांनाही कळायचं. एकदा परीक्षा घ्यावी म्हणून मी पाच दाणे पुढे केले. चार घरं त्यांनी धडाधड सांगितली. पाचवा दाणा अंगठ्याखाली फिरवून म्हणाले, "हा पेणच्या दुकानातला. भिजंल, पण बिरडं चांगलं नाय व्हायचं." दाणा माझ्याच घरचा होता. तेव्हापासून आमच्या घरच्या बिरड्याकडे मी संशयाने बघतो.

आता त्यांच्या मनातलं सांगतो, जे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. त्यांना ती कळशी हवी होती. दर वर्षी सगळी मडकी मोजून झाली की ते शेवटी एक नंबरचं मडकं, गोलकीपरचं म्हणजे स्वतःचं, उचलायचे आणि हात घालायच्या आधी जरा थांबायचे. आत तीन नाहीतर चार वाल निघायचे. "गोलीला चार," असं जाहीर करून ते पुढच्या कामाला लागायचे. एका वर्षी मी आदल्या दिवशी गेलो होतो. कोरी कळशी त्यांच्या ओटीवर होती. मी दारात आलेलो त्यांना कळलं नाही. कळशीवर त्यांनी तोंडाची वाफ सोडली, बोटाने तिच्यावर आपलं नाव लिहिलं, क्षणभर बघितलं आणि टॉवेलने पुसून टाकलं. मी चार पावलं मागे जाऊन खोकत पुन्हा आलो. माझा त्या माणसावर जीव जडला तो त्या दिवशी.

पन्नाशीला त्यांचा गुडघा बोलायला लागला आणि त्यांनी हा आपला शेवटचा मोसम असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या सामन्यात त्यांनी पेनल्टी अडवली. खरं म्हणजे चेंडूनेच त्यांचं पोट शोधून काढलं; पण गाव हळहळलेलं होतं, त्यामुळे पोटालाही टाळ्या मिळाल्या. मतदानाला त्या वर्षी रांग लागली. दुपारी सभामंडपात मोजणी सुरू झाली तेव्हा ताईसुद्धा खांबाला टेकून उभी होती. एकवीस वर्षांत ती प्रथमच आली होती.

नऊ नंबरचा नितीन, डोलवीला कामाला जाणारा आमचा फॉरवर्ड, त्याला एक्केचाळीस मतं पडली. मग एक नंबरचं मडकं पुढे आलं. साडू डोळे मिटून एकेक दाणा बाहेर काढत होते आणि गाव त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजत होतं. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. हात पुन्हा पेंढ्यात गेला आणि आणखी एक वाल घेऊन वर आला. मंडपात एकच आरडाओरडा झाला. मी तर उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो होतो.

साडूंनी डोळे उघडले. वाल अंगठ्याखाली फिरवला, उजेडात धरला, पुन्हा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की टाळ्या आपोआप थांबल्या.

"हा बाद," ते म्हणाले.

"का? भोक हाय?" नितीनने विचारलं.

"भोक नाय. घरचा हाय."

लोक हसायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "अवो, तुमच्या शेतात वाल कुठून येणार? तिथं तर मैदान हाय!"

"गोलच्या मागं, बांधावर," साडू हळूच म्हणाले. "चार रोपं हायत. मला वाटलं, आपसूक उगवली. हे माझ्या आईचं बी हाय."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. ताई लाल झाली होती. इतकी वर्षं शेजारणींच्या आडून बोलणारी ती बाई पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याशी समोरासमोर बोलली. "एकवीस वर्षांत एक वाल टाकला मी! तो पण काढलात बाहेर?"

"नियम हाय गो."

"तुमीच केलाव ना नियम?"

"म्हणून तर."

त्या दाण्याचं घर ओळखणारा माणूस साऱ्या मंडपात एकच होता. तो गप्प राहिला असता तर कळशी त्याची होती. मी त्यांच्या कानाशी लागून हे सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे शर्यतीतल्या त्या पाच वर्षांच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. बरोबरी झाली होती, म्हणून कळशी लहानाला, नितीनला. तो घेईना, तर साडूंनी स्वतः रोह्याला जाऊन तिच्यावर 'नितीन' असं घालून आणलं. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे. मात्र तो बाद झालेला वाल त्यांनी बाकीच्या बाद मतांत टाकला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी पोचेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. ताई त्यांच्या पुढे ताडताड चालत होती, आणि तिच्या काखेत एक नंबरचं मडकं होतं. "मडकं तरी माझं हाय," असं म्हणून तिने ते मंडपातून उचललं होतं.

आता क्लबचं मतदान मोबाइलवर होतं. एकही सामना न बघितलेली माणसं मुंबईहून मत देतात, आणि ते मत कोणाचं, हे ओळखायची सोय साडूंनाही नाही. तशी ती आता कशाचीच उरलेली नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊनही बारीक दिसत नाही, बोटं बधिर झाली. शेतात अजून फुटबॉल चालतो आणि गोलच्या मागे बांधावर अजून चार रोपं असतात.

परवा मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो होतो. अवकाळी पावसाने बांधावरचा वाल गेला होता, म्हणून ताईने फोन करून पेणहून किलोभर आणायला सांगितला होता. मी आणलेला वाल तिने स्वतःच्या हाताने सुपात ओतला. साडू सवयीने निवडायला बसले. एक दाणा त्यांच्या बोटांत अडकला. तो त्यांनी अंगठ्याखाली फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साडू, बघा," ते मला म्हणाले, "हा आमच्या बांधावरचा."

मी तोंड उघडलं होतं. पण ताई माझ्याआधी बोलली.

"व्हय," ती म्हणाली, "आपलाच हाय तो."

तिने तो दाणा त्यांच्या हातातून घेतला, उठली, आणि फळीवर एक काळं मडकं आहे त्यात टाकला. आवाज आला नाही. तळाशी पेंढा अजून असणार.