पुण्याचं घड्याळ

मार्चमधल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरातली दोन्ही घड्याळं तासभर पुढे केली. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी ती करावीच लागतात, त्यामुळे शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलचं घड्याळ पुढे केलं ते बरोबरच होतं. पण शेजारचं घड्याळ पुण्याचं. पुण्यात कुणी घड्याळ पुढे करत नाही. मुळात कुणी सांगितलं म्हणून पुण्यात कुणी काहीच करत नाही. इतकी वर्षं इथे काढलेल्या, इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसानं हे स्टुलावर चढून, दोन्ही घड्याळं एकमेकांशी ताडून केलं आणि खाली उतरून समाधानानं हात झटकले.

वाईट याचं की कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी जळमटं काढायला बायको स्टुलावर चढली आणि तिथूनच म्हणाली, "भारतात कधीपासून टाइम चेंज करायला लागले?"

मी हसलो, पण ते हसू पुरतं झालं नाही. आई असती तर ही चूक त्याच सकाळी आठ वाजता पकडली गेली असती.

दर रविवारी आठला मी तिला फोन करायचो. आमच्या घड्याळांच्या या खेळाचा तिला मनापासून राग होता. "नोव्हेंबरपासून तू ताट वाढलेलं असताना येतोस आणि मार्चपासून दिवेलागणीला. एक काय ते ठरवा म्हणावं तुमच्या सरकारला," असं ती म्हणायची, जणू सरकार माझ्या शब्दाबाहेर नव्हतं. मुलगी लहान होती तेव्हा स्क्रीनमध्ये डोकं घालून "हाय आजी" म्हणायची आणि पळायची. मग मी आठवडाभरात लिहिलेलं वाचून दाखवायचो. ऑफिस, मुलीचे क्लास आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ यांतून उरलेल्या वेळात मी लिहितो. स्वतःला लेखक म्हणवून घ्यावं इतका वेळ काही कधी उरत नाही.

आई ऐकताना "हं" म्हणायची. चांगलं झालंय, असं एकदाही म्हणाली नाही. कंटाळा आला की म्हणायची, "थांब हं, गॅसवर दूध आहे."

सुरुवातीला मी खरंच थांबायचो. पुढे हिशेब लागेना. बाबा गेल्यापासून ती एकटी, दुधाची एक पिशवी तिला दोन दिवस पुरायची. इतकं दूध त्या घरात येतच नव्हतं. मग मी शिकलो. दूध जिथे आलं तिथला परिच्छेद मुकाट्यानं काढून टाकायचा. माझ्या दोन्ही पुस्तकांवर झालेलं संपादन म्हणजे एवढंच.

हे सगळं स्पीकरवर चालायचं. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला आणि बायको आमच्याकडे पाठ करून पोहे परतत असायची. पुस्तकाच्या सुरुवातीला बायकोचे आभार मानायची पद्धत आहे, म्हणून मीही मानले, 'वेळोवेळी चहा दिल्याबद्दल'. छापून आल्यावर तिनं ते वाचलं आणि एवढंच म्हणाली, "चहा तू करतोस."

आई जानेवारीत गेली. त्या दिवशी शिकागोला बर्फ होता, फ्लाइट कॅन्सल झाली. मी पोचलो तेव्हा तिच्या खोलीत दक्षिणेकडे वात केलेला दिवा जळत होता, आणि फ्रिजमध्ये दुधाची अर्धी पिशवी होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "त्यातलंच घालून चहा टाकू का रे?" मी नको म्हणालो. ते दूध नासलं तेव्हा मीच ते मोरीत ओतलं आणि बराच वेळ पाणी सोडत राहिलो.

परतल्यावर तिसऱ्या पुस्तकातला शेवटचा लेख लिहिला. तो तिच्यावरच होता. विमानतळाबाहेर पडणाऱ्या बर्फाचं त्यात मोठं वर्णन होतं, आणि ते मला फारच जमल्यासारखं वाटत होतं. पण लेख झालाय की नाही, हे काही केल्या कळेना. प्रकाशक विचारायचे, मी "पाठवतो" म्हणायचो. रविवारी आठ वाजले की उठून गराज आवरायला जायचो. इतकं स्वच्छ गराज आमच्या गल्लीत दुसरं नसेल.

बायकोनं घड्याळ खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं.

"काढूनच ठेवू या," मी म्हणालो. "आता तिथे कुणाची वेळ बघायची आहे?"

तिनं घड्याळ माझ्या हातातून परत घेतलं, काटे मागे फिरवले आणि होतं तिथेच टांगलं.

पुढच्या रविवारी मी गराजकडे निघालो, तर पोहे झाकलेले होते, शेगडी बंद होती आणि ती साखरेच्या डब्यापाशी खुर्ची ओढून बसली होती.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. ती मध्ये "हं" म्हणाली नाही. तिच्या खोलीतल्या दिव्यापाशी आलो तेव्हा मी खाकरलो, हवेतल्या परागकणांना दोष दिला आणि पाणी प्यायलो. लेख संपला. पुण्याच्या घड्याळात दिवेलागण झाली होती.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"तो विमानतळावरचा बर्फ आहे ना," ती म्हणाली, "तिथे आईंचं दूध उतू गेलं असतं. तेवढं काढ. बाकीचं राहू दे."